अकरावं पद

शाळेच्या पुस्तकातली श्रेढीची गणितं मला कधीच आवडली नाहीत. नाट्यगृहात पहिल्या रांगेत वीस खुर्च्या, दुसऱ्या रांगेत बावीस, तिसऱ्यात चोवीस, तर पंधराव्या रांगेत किती? असल्या खुर्च्या मोजायला कोण जातं? महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या शहरात, लष्कर नावाच्या भागातल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि पस्तीस वर्षं त्या खुर्च्यांना शिव्या दिल्या. त्यामुळे निवृत्त झाल्यावर आमच्या मराठी समाजाच्या मंडळाने दहावीच्या मुलांसाठी पेपर काढायला सांगितलं तेव्हा मी मनाशी ठरवलं, आपल्या मुलांना आपल्या घरातली गणितं घालायची. मी काढलेल्या पेपरची लोक तारीफ करत. मला ती आवडायची, हेही सांगून टाकतो.

मंडळाची ही परीक्षा दर मे महिन्यात होते. सोळा-सतरा मुलं बसतात, एकच पेपर, गणिताचा. जो पहिला येईल त्याला पुण्यात अकरावी सायन्सला प्रवेश आणि तिथल्या आपल्या लोकांच्या वसतिगृहात जागा. जागा एकच. दुसऱ्या नंबराला प्रशस्तिपत्रक आणि टाळ्या. पेपर मराठीत काढायचा असा रिवाज आहे. मुलं विचार हिंदीत करतात, म्हणून मी ‘अंकगणिती श्रेढी’ लिहून खाली ‘समांतर श्रेढ़ी’ असंही लिहीत असे. पेपर काढणारा मीच, तपासणारा मीच, आणि ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हा नियम लिहिणाराही मीच. आपल्या समाजात निकालानंतर मामा, मावश्या, आत्या यांचे फोन सुरू होतात, ते बंद व्हावेत म्हणून तो नियम केला होता.

त्या वर्षी बसलेल्यांत एक मुलगी होती. जानेवारीपासून ती दुपारी आमच्या ओसरीवर शिकायला येत असे. वडील गेल्यावर आई तिला घेऊन भावाकडे राहायला आली होती. मामाचं दौलतगंजात झेरॉक्सचं दुकान, वर दोन खोल्यांत सगळे. मामा वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं होतं, पुण्याला जागा मिळाली तर जाऊ दे, मी अडवणार नाही. नाही मिळाली तर अकरावी प्रायव्हेट भरू आणि पोरगी दुकानात बसेल, मला एकट्याला दोन मशिनी होत नाहीत. तिच्यापुढे हे दोनच रस्ते होते आणि ते तिला पक्के ठाऊक होते. एकदा तिने मला विचारलं, ‘‘सर, पुण्याच्या होस्टेलमध्ये हर लड़की का अलग टेबल होता है क्या?’’ मी म्हटलं, असावं. ती वहीत बघून हसली.

हुशार होती, पण सूत्रावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. श्रेढीचं पहिलं पद आणि रोजची वाढ दिली की दहावं पद काढायला सूत्र आहे: पहिल्या पदात वाढीची नऊपट मिळवा. नऊपट, दहापट नव्हे. इथे निम्मा वर्ग दरवर्षी घसरतो, कारण लहानपणी पाढे घोकून डोक्यात बसलेलं असतं की दहाव्या जागी दहापटच यायची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘सर, एक कम क्यों?’’ मी तिला ओसरीच्या पायऱ्यांवर उभं केलं. म्हटलं, ‘‘तू पहिल्या पायरीवर आहेस. दहावीवर जायला किती वेळा पाय उचलशील?’’ आमच्या ओसरीला पायऱ्या चारच, पण तिने मनात मोजलं आणि म्हणाली, ‘‘नौ बार. पहिलीवर तर मी आधीच आहे ना.’’ एवढं स्वच्छ उत्तर मला नोकरीत फार थोड्या मुलांनी दिलं असेल.

तरीही पुढे ती प्रत्येक गणितात सूत्राने उत्तर काढून खाली सगळी पदं ओळीने लिहायची आणि बोट ठेवून मोजायची. मी चिडवायचो, ‘‘झाली का तुझी किराण्याची यादी?’’ ती म्हणायची, ‘‘सर, गिन लेती हूँ, मग बरं वाटतं.’’ मला तिचा लळा लागला होता, आणि त्या लळ्याची मला भीतीही वाटत होती. समाज लहान आहे. आपल्याकडे शिकणारी मुलगी आपणच काढलेल्या पेपरला बसणार म्हटल्यावर आपण काटेकोर राहायचं, असं मी स्वतःला शंभरदा बजावलं होतं. पुढे जे झालं ते या काटेकोरपणानेच झालं, म्हणून आता तो शब्दसुद्धा मला सहन होत नाही.

त्या वर्षीच्या पेपरात माझं लाडकं गणित असं होतं: एका घरी गणेश चतुर्थीला गणपतीला दूर्वांच्या एकवीस जुड्या वाहिल्या. त्यानंतर रोज आदल्या दिवसापेक्षा चार जुड्या जास्त वाहिल्या. तर अनंत चतुर्दशीला किती जुड्या वाहिल्या? गुण पाच. गणपती दहा दिवसांचे, म्हणून दहावं पद. एकवीस अधिक नऊ चोक छत्तीस, उत्तर सत्तावन्न. तपासणीसाठीची नमुना उत्तरं मी पाच मिनिटांत लिहिली आणि बायकोला वाचूनही दाखवली. तिचं लक्ष कुकरकडे होतं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा. आजोबांच्या आधीपासून तसाच. दहा दिवसांचा गणपती मी फक्त दुसऱ्यांच्या घरी पाहिलेला, आरतीला जाऊन, प्रसाद घेऊन, घरी परत. दहा दिवसांचे गणपती असं सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणत आलो. मोजायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

पेपर तपासायला बसलो. नऊ मुलांनी सत्तावन्न लिहिलं होतं, काहींनी गणित सोडून दिलं होतं. तिच्या पेपरवर एकसष्ट होतं. सूत्र बरोबर, पण तिने अकरावं पद काढलेलं. खाली सवयीप्रमाणे यादी: चतुर्थी एकवीस, पंचमी पंचवीस, षष्ठी एकोणतीस, अशी थेट चतुर्दशीपर्यंत. ती यादी माझ्या डोळ्यांसमोर होती. अकरा तिथ्या, बारीक नीट अक्षरात. मी ती वाचली नाही. ‘घाईत एक पद जास्त मोजलंन्,’ असं म्हणालो, हळहळलो, आणि सूत्राचे दोन गुण देऊन तीन कापले. हळहळलो याचा मला तेव्हा अभिमानच वाटला. बघा, आपली मुलगी असूनही आपण हात सैल सोडला नाही!

बुधवारी मंडळाच्या हॉलबाहेर निकाल लागला. एका डॉक्टरांचा मुलगा ऐंशी गुण मिळवून पहिला. चांगला मुलगा, त्याचा यात काही दोष नाही. ती अठ्ठ्याहत्तरवर दुसरी.

गुरुवारी दुपारी ती आईला घेऊन आली. आईने नेहमीप्रमाणे चपला पार खालच्या पायरीपाशी काढल्या. मुलीने प्रश्नपत्रिका आणली होती आणि त्या एका प्रश्नावर बोट ठेवलेलं होतं.

‘‘सर, यात माझे नंबर कटले आहेत का?’’

मी हो म्हटलं. उत्तर सत्तावन्न, असंही सांगितलं.

‘‘पण सर, चतुर्थी पहिली धरली तर चतुर्दशी ग्यारहवी येते. मैंने गिनके लिखा है.’’

‘‘गणपती किती दिवसांचे असतात?’’ मी विचारलं. माझा आवाज वर्गातला झाला होता, मला ऐकू येत होता.

‘‘दस बोलते हैं सर. पर होते ग्यारह हैं. मामाकडे बसतात ना, दूर्वा मीच आणते रोज सकाळी, फूलबागेच्या तिकडून. ग्यारह बार जाते.’’

‘‘सगळं जग दहा म्हणतं आणि तू एकटी अकरा म्हणणार?’’

ती आईकडे वळली. आई त्या घरात राहत होती, रोजच्या आरतीला निरांजन तीच लावत असणार. तिला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. पण तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि म्हणाली, ‘‘अगं, सर म्हणतात ना. दहाच असतील. तुझीच गल्ती झाली असेल मोजण्यात.’’ मग माझ्याकडे बघून, ‘‘माफ करा सर, हिला जिद्द करायची सवय आहे.’’

मुलीने प्रश्नपत्रिकेची घडी घातली. वाद घातला नाही, रडलीही नाही. वाकून नमस्कार करून गेली. तिने वाद घातला असता तर मी काय केलं असतं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. बहुतेक आणखी ओरडलो असतो.

त्या दोघी फाटकाबाहेर पडल्या न पडल्या तोच बायको आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. ‘‘अहो, माझ्या माहेरी मोठा गणपती होता,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणायला दहा दिवस, पण प्रसाद अकरा घरांनी वाटून घेतलेला असायचा. एकेका दिवशी एकेका घराचा. अकराव्या दिवशी विसर्जन.’’

मी उठून पंचांग काढलं. खरं सांगायचं तर मी सत्य शोधायला उठलो नव्हतो, पळवाट शोधायला उठलो होतो. एखाद्या वर्षी मधल्या एखाद्या तिथीचा क्षय होतो, तेव्हा दिवस एकाने कमी पडतो. आदल्या वर्षी तसं झालं असलं तर माझे दहा दिवस वाचले असते. नव्हतं झालं. त्याच्या आदल्या वर्षीचं काढलं, तिथेही चतुर्थी ते चतुर्दशी अकरा चौकोन. मी बोट ठेवून मोजत होतो. चौदातून चार गेले दहा, म्हणजे पाय दहा वेळा उचलायचा, म्हणजे अकरावं पद. ओसरीच्या पायऱ्यांवर उभं करून मी तिला हेच शिकवलं होतं. तिने ते शिकून घेतलं आणि मी विसरलो.

हिशेब साधा होता. तिचे तीन गुण परत आले की एक्याऐंशी, डॉक्टरांच्या मुलानेही सत्तावन्नच लिहिलं होतं, त्याचे तीन गेले की सत्त्याहत्तर. पुण्याची जागा तिची होती.

‘‘मग जा ना, सांगून या,’’ बायको म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी मंडळाच्या कार्यवाहांकडे गेलो. सराफा बाजाराच्या मागे त्यांचं घर. माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे मला बघून उभाच राहिला. मी जरा आडूनच सुरुवात केली. म्हटलं, समजा माझ्या नमुना उत्तरांत एखादी चूक निघाली तर काय करता येईल?

तो हसला. ‘‘सर, तुमच्याकडून गल्ती? सवालच नाही. यादी सोमवारी जाईल पुण्याला. का, कोणी कंप्लेन केली का?’’ मग अगदी सहज: ‘‘ती दुसरी आलेली मुलगी तुमच्याकडेच शिकायची ना?’’

त्याच्या मनात काही नसेलही. पण मला तिथे बसल्या जागी सगळं दिसलं. सरांनी निकाल लागल्यावर आपल्या मुलीसाठी उत्तर बदललं. डॉक्टरांच्या घरी पेढे वाटून झालेले. दर गणपतीत, दर हळदीकुंकवात ही गोष्ट निघणार. आणि दुसरं, जास्त खरं कारण: ‘मला गणपतीचे दिवस मोजता आले नाहीत’ हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी गणिताचा मास्तर.

‘‘नाही, सहज विचारलं,’’ मी म्हणालो.

त्याने सरबत आणलं. मी ते प्यायलो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. यादी गेली पुण्याला, आता काही होत नाही, म्हटलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग भाजी निवडायला बसली. शुक्रवार गेला. शनिवारी मी दोनदा कपडे करून फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. रविवारी पाहुणे होते. सोमवारी दुपारी मला हलकं वाटलं, कारण आता खरोखरच काही होत नव्हतं. त्या हलकेपणाची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीही वाटत नाही.

त्यानंतर मी पेपर काढणं सोडलं. तब्येतीचं कारण दिलं. मंडळाने शाल दिली, भाषणं झाली, माझ्या निःपक्षपातीपणाचा उल्लेख झाला. मुलगी दुकानात बसू लागली. अकरावी प्रायव्हेट भरताना तिने गणित घेतलंच नाही, असं कानावर आलं. मामाने आणि आईने मिळून ठरवलं म्हणे, ज्यात नंबर कटतात ते कशाला घ्यायचं. दौलतगंजातून जायचं झालं तर मी गल्ली बदलून जात असे. तीन वर्षं असा लांबून गेलो. दर गणपतीत बायको चतुर्थी ते चतुर्दशी माझ्याशी कामापुरतंच बोलते. भांडत नाही. तिने भांडावं असं मला फार वाटतं.

या वर्षी चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची उत्तरपत्रिका कपाटातून काढली. ती मी मंडळात परत दिलीच नव्हती. दुपारची वेळ धरून गेलो, तेव्हा दुकानात कोणी नसतं. ती एकटीच होती, मशीनमधला अडकलेला कागद काढत होती. मला बघून उभी राहिली. मी तो पेपर काउंटरवर ठेवला. तिने आपलं अक्षर ओळखलं.

‘‘तुझं बरोबर होतं,’’ मी म्हणालो. ‘‘एकसष्ट.’’

‘‘पता है, सर,’’ ती म्हणाली. रागाने नाही. ‘‘त्याच वर्षी परत मोजले होते मी. ग्यारह.’’

मला वाटलं, आता एवढ्यावर थांबावं. चूक कबूल झाली, तिनेही मोठ्या मनाने घेतलं. इतकं सोपं होतं ते. पण जन्मात एकदा तरी पुरतं बोलायचं म्हणून मी घरातून निघालो होतो.

‘‘मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही दोघी येऊन गेलात ना, त्याच दुपारी. यादी जायची होती अजून.’’

तिचे हात थांबले. ‘‘कधी गेली यादी?’’

‘‘सोमवारी.’’

तिने अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि हळू मोजलं, ओठ हलवत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार.

‘‘पाँच दिन थे, सर,’’ ती म्हणाली.

मी मान खाली घातली. तिने पेपर उचलला, यादीवरून एकदा नजर फिरवली आणि तो घडी करून काउंटरखालच्या रद्दीत सारला. मग वर जिन्याकडे बघून घाईने, हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘सर, आईला सांगू नका. तिला वाटतं माझं गणितच कच्चं होतं. त्यावर ती राजी झाली आहे. हे कळलं तर तिला त्या दिवशीचं आठवेल. आपके सामने मुझे ही गलत बोला था उसने. नहीं सह पाएगी.’’

तोवर आई जिना उतरून आलीच. वरून आवाज ऐकून तिने चहा टाकला असावा, हातात दोन कप होते. मला बघून तिचा चेहरा फुलला. ‘‘अरे, सर! किती वर्षांनी! या ना, बसा.’’ स्टूल पुढे केलं, पदराने पुसलं. मी बसलो. मुलगी मशीनकडे तोंड करून कागदाचा गठ्ठा सारखा करत होती.

‘‘तुम्ही हिच्यावर किती मेहनत घेतली, सर,’’ आई म्हणाली. ‘‘चार महिने, रोज. मी अजून सगळ्यांना सांगते. पण हिच्या डोक्यातच गणित नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार? हो ना?’’

गठ्ठा सारखा करणारे हात थांबले होते. आई माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत.

‘‘हो,’’ मी म्हणालो.